घरात आणखी कुणाचे पाय असे होते का?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतले सर्व फॅमिली डॉक्टर

स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे, मोठ्या हॉस्पिटलांतल्या तज्ज्ञांना नाही. त्यांच्याकडे आम्ही खूप फिरलो. माझ्या वडिलांच्या कागदपत्रांची रेक्झिनची पिशवी अजून माळ्यावर आहे. न्यूरॉलॉजिस्ट, ऑर्थोपेडिक, पोटाचे डॉक्टर, हार्टचे डॉक्टर, हाताचे सर्जन, एक मानसोपचारतज्ज्ञ, सगळ्यांचे कागद त्यात आहेत. प्रत्येकाने आपापला भाग नीट तपासला. पण पाय, मनगटं, आतडं आणि हृदय ही एकाच माणसाची आहेत हे फक्त त्या पिशवीला माहीत होतं. आणि राग मानणार नसाल तर सांगते, ते तुम्हालाही माहीत असायला हवं होतं. घरातल्या सगळ्यांची नाडी बघणारे तुम्हीच.

आजाराचं नाव आधी सांगते, कारण आम्हाला ते कळायला पाच वर्षं लागली. हेरिडिटरी ट्रान्सथायरेटिन अ‍ॅमिलॉइडोसिस, म्हणजे एका बिघडलेल्या प्रोटीनचे तंतू अंगात साचत जाण्याचा आनुवंशिक आजार. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अ‍ॅमिलॉइड हा शब्द पॅथॉलॉजीच्या परीक्षेपुरता पाठ केला असेल आणि पुढे दवाखान्यात कधी लागला नसेल. लागत नाहीच सहसा.

बाबा ठाण्यातल्या एका कापड गिरणीत रंगखात्यात होते. २०१४ साली, निवृत्तीला वर्षभर उरलं असताना, एका संध्याकाळी जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे सुटली त्यांना पत्ता नव्हता. आम्ही हसलो. आई म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना?" डोकं ठिकाणावर होतं, पायांची खबर तिथपर्यंत पोचत नव्हती.

रात्री तळपाय जळायचे. आई काशाच्या वाटीने तूप चोळून द्यायची. दिवसा मात्र उलटंच, बादलीतलं पाणी कढत आहे हे बाबांना हात घातल्यावर कळायचं, पाय घातल्यावर नाही. हे वाक्य मी तेव्हा आमच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी साखर तपासायला सांगितली. उपाशीपोटी १०४ आली. "बॉर्डरलाइन आहे, गोड बंद करा," आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं.

मी त्यांना दोष देत नाही. ज्या देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत, तिथे पाय जळतात म्हटल्यावर कुठलाही शहाणा डॉक्टर आधी साखरच बघेल. मीही बघितली असती. माझं म्हणणं एवढंच, की १०४ साखरेचा माणूस वर्षभरात गुडघ्यापर्यंत बधिर होतो तेव्हा साखरेला सोडून द्यावं.

मग एनसीव्ही, म्हणजे नसांची मशीनवरची तपासणी, झाली. नॉर्मल. इथे आमचं एक अख्खं वर्ष गेलं. बाबांना सांगण्यात आलं की नसा उत्तम आहेत, रिटायरमेंट जवळ आली की असं होतं, मन रमवा. मानसोपचारतज्ज्ञ तेव्हाचे. पुढे मला कुणीतरी समजावलं, की ती तपासणी जाड नसांचा वेग मोजते आणि हा आजार बहुतेकदा आधी बारीक नसा खातो, वेदना आणि थंड-गरम कळवणाऱ्या. त्या बारीक नसा मशीनला दिसतच नाहीत. ट्यूनिंग फोर्कची थरथर बाबांना शेवटपर्यंत बऱ्यापैकी कळत होती. कढत पाणी कळत नव्हतं.

दोन्ही हातांना मुंग्या यायला लागल्या. कार्पल टनेल, म्हणजे मनगटाच्या बोगद्यात नस दाबली जाणं. आधी उजव्या मनगटाचं ऑपरेशन, सात महिन्यांनी डाव्या. "आयुष्यभर रंगखात्यात हात वापरले ना," असं कारण मिळालं आणि आम्हाला ते पटलंही. मग पोट. आठ दिवस जुलाब, आठ दिवस बद्धकोष्ठ. ठाण्याहून दादरला लोकलने जायचं म्हटलं तरी बाबांच्या कपाळावर घाम, कारण वाटेत लागली तर काय. एण्डोस्कोपी, कोलोनोस्कोपी, सगळं स्वच्छ. निदान आयबीएस, म्हणजे नुसतं नाजूक आतडं. वजन ७२ वरून ५५ वर आलं तेव्हा कर्करोग शोधायला सीटी झाला, तो सापडला नाही म्हणून आम्ही कोपिनेश्वराला अभिषेक केला. कमरेच्या एमआरआयमध्ये मणका झिजलेला दिसला (साठीतल्या कुणाचा नाही दिसत?) आणि ऑपरेशन झालं. पायांत काडीचा फरक पडला नाही. मग कुणीतरी सीआयडीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटण्याचा आजार, म्हणालं आणि त्यावरच्या आयव्हीआयजीच्या (अँटिबॉडीजच्या) बाटल्या चढल्या. माझी फिक्स्ड डिपॉझिट्स त्यात गेली.

एक गोष्ट मात्र आम्ही आनंदाची समजलो होतो. बाबांचं बीपी बरं झालं! वीस वर्षांची गोळी आधी अर्धी झाली, मग बंद. आईने राममारुती रोडवरून पेढे आणले. गोड बंद असूनही बाबांनी अर्धा खाल्ला. त्याच महिन्यात ते पहाटे बाथरूमला उठले आणि चक्कर येऊन दारातच कोसळले. बीपी बरं झालेलं नव्हतं. उभं राहिल्यावर रक्तदाब सावरून धरणाऱ्या नसा गेल्या होत्या. झोपवून बीपी घ्या, उभं करून तीन मिनिटांत पुन्हा घ्या, वरचा आकडा वीसने पडला तर कारण शोधा. याला मशीन लागत नाही, तुमच्या टेबलावर असतं तेवढंच लागतं. आमच्या पाच वर्षांत ते एकदाही झालं नाही. कारण बीपी नेहमी खुर्चीत बसवून घेतात आणि मागे पंधरा माणसं थांबलेली असतात, हे मला ठाऊक आहे.

निदान केलं ते मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या रेसिडेंट मुलीने. वयाने माझ्या मुलीएवढी असेल. तिच्यासमोर दोन कागद होते. इकोत हृदयाच्या भिंती जाड आणि ईसीजीतल्या रेघा बुटक्या. जाड स्नायूच्या रेघा उंच यायला हव्यात, असं ती स्वतःशीच बोलली. मग बाबांच्या मनगटांवरचे दोन व्रण बघितले, आणि मान वर करून विचारलं, "आजोबा, घरात आणखी कुणाचे पाय असे होते का?"

पाच वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. आणि बाबा बोलायला लागले ते थांबेनात.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. माझे आजोबा शेवटची चार वर्षं पडवीत बसून होते, त्यांचे पाय वाळले होते, अंगावर मांस राहिलं नव्हतं. मोठ्या आत्याला "वात" होता, ती भिंत धरून चालायची. एक चुलत काका पन्नाशीत झोपेत गेले. गावात याला नाव होतं, घराण्याला पाय लाभत नाहीत म्हणायचे. गुरवाने देवाला कौल लावला होता, राखण चुकल्याचं निघालं, मग कोंबडं देऊन झालं. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या गुरवाने "घरात आणखी कुणाला?" हे निदान विचारलं तरी होतं.

पुढचं भराभर झालं. पोटावरची चरबी सुईने काढली, रक्तातली लाइट चेन नावाची प्रोटीनं तपासली, कारण अ‍ॅमिलॉइडचा दुसरा एक प्रकार अस्थिमज्जेतून येतो आणि त्याला केमोथेरपी लागते, दोघांची गल्लत झाली तर उपचार भलताच होतो. मग जीनची तपासणी. चरबीच्या तुकड्यावर कॉंगो रेड नावाचा रंग चढवतात आणि ध्रुवित प्रकाशात बघतात. अ‍ॅमिलॉइड असेल तर सफरचंदासारखा हिरवा चमकतो. रंगाचं नाव ऐकून बाबा खुर्चीत सावरून बसले. "कॉंगो रेड? तो सुताचा रंग. पक्का नव्हे. अ‍ॅसिड लागलं की निळा पडतो." आयुष्यभर सुतावर रंग चढवलेल्या माणसाच्या पोटातच सुतासारखे तंतू निघाले होते, आणि ते ओळखायला त्याच्याच खात्यातला रंग लागला. त्या दिवशी ते घरी येताना परळ ते ठाणे याच विषयावर बोलत होते. आजाराबद्दल एक शब्द नाही.

आता हे तंतू येतात कुठून, ते मला समजलं तसं लिहिते. तुम्हाला यातलं पुष्कळ माहीत असेल. पण हे पत्र तुमच्या वेटिंग रूममधलंही कुणी वाचेल.

ट्रान्सथायरेटिन हे प्रोटीन मुख्यतः लिव्हरमध्ये तयार होतं. थायरॉइडचा हार्मोन आणि अ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणं हे त्याचं काम, नावातही ते दोन्ही आहेत. ते एकटं फिरत नाही. चार सारखे तुकडे एकमेकांना धरून असतात, चौघींनी हात धरून घातलेल्या फुगडीसारखे. प्रत्येक तुकडा म्हणजे १२७ अमिनो आम्लांची माळ. आमच्या घराण्यात त्यातला एकच मणी बदललेला आहे. तेवढ्याने हाताची पकड ढिली होते, फुगडी सुटते, आणि सुटलेले तुकडे वेडेवाकडे दुमडून एकमेकांना चिकटतात. त्यांचे तंतू होतात. शरीराला ते सहजासहजी साफ करता येत नाहीत. नसांत, हृदयाच्या भिंतीत, मनगटाच्या बोगद्यात, कधी डोळ्याच्या आतल्या पारदर्शक द्रवात ते साचत राहतात. सर्वांत लांब नसा तळपायांच्या, म्हणून सुरुवात तिथून. प्रोटीन जन्मापासून तसंच असतं, पण साचायला कित्येक दशकं लागतात. काहींना तर आयुष्यभर काहीच होत नाही, म्हणून एखादी पिढी सुटल्यासारखी वाटते आणि घरातली गोष्ट विसरली जाते.

हा बदल आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. मुलगा-मुलगी भेद नाही. गावच्या सात-बारावर आमच्या आत्यांची नावं कधी लागली नाहीत, या वाटणीत मात्र त्यांना बरोबरीचा हिस्सा मिळाला.

असे शंभरावर वेगवेगळे बदल जगात सापडले आहेत. आजाराचं पहिलं नीट वर्णन पोर्तुगालचं. मारिओ कोरिनो द आंद्रादे नावाच्या न्यूरॉलॉजिस्टकडे १९३९ मध्ये पोर्तो शहरात एक बाई आली, किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या गावातली. तिच्या गावात या दुखण्याला आपलं एक नाव होतं, पायांचं दुखणं अशा अर्थाचं. डॉक्टरला पुस्तकात न सापडलेला आजार गावाला आधीच माहीत होता. तो घराघरांत फिरला, नातीगोती लिहून काढली आणि १९५२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. हे मी धाकट्या आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तरीच! ठाण्याला पोर्तुगीज होतेच की." नाही हो आत्या. बाबांच्या रिपोर्टातला बदल पोर्तुगालमधला नाही, आणि आपण ठाण्यात आलो १९७१ला. पण मला राहून राहून वाटतं, आपल्या चेंदणी कोळीवाड्यात, किंवा कुठल्याही वाडीवस्तीत, कुणी असं वहीपेन घेऊन बसलंय का?

औषधांबद्दल थोडक्यात. १९९० मध्ये स्वीडनमध्ये पहिल्यांदा या आजारासाठी लिव्हर बदललं, कारखानाच बदलायचा या हिशेबाने. २०११ मध्ये युरोपात टाफामिडिस मंजूर झालं, ते फुगडीतल्या हातांची पकड घट्ट ठेवतं. २०१८ मध्ये अमेरिकेत पॅटिसिरान आलं. ते लिव्हरला हे प्रोटीन बनवण्याचा निरोपच पोचू देत नाही. आरएनएच्या ज्या करामतीवर ते चालतं, तिच्यासाठी २००६चं नोबेल मिळालं होतं. प्रोटीन घटल्यावर अ जीवनसत्त्वाची ने-आणही घटते, म्हणून त्यासोबत ते वेगळं द्यावं लागतं. पुढेही औषधं येत गेली. यातलं प्रत्येक औषध पुढचं नुकसान रोखतं किंवा हळू करतं. गेलेली नस परत आणत नाही. म्हणजे रुग्ण तुमच्याकडे "डॉक्टर, पाय जळतात" म्हणत येतो तोच काळ औषधाच्या कामाचा. बाबा व्हीलचेअरवर आल्यावर त्यांना नाव मिळालं.

किमती सांगत नाही, वाचून तुम्ही आजाराचाच विचार सोडून द्याल. देशाचं दुर्मीळ आजारांचं धोरण २०२१च्या मार्चमध्ये आलं, त्यातल्या मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत नेली, आणि परळचं केईएम हे त्याच्या केंद्रांपैकी एक आहे. मदत मिळते ती यादीतल्या आजारांना. त्याबद्दलचं पत्र आरोग्य मंत्रालयाला लिहायचं आहे, ते वेगळं. बाबा २०२१च्या पावसाळ्यात गेले.

तुमच्याकडे माझं मागणं फार लहान आहे. प्रत्येक जळणाऱ्या पायामागे हा आजार शोधा, असं मी म्हणत नाही. शंभरातले नव्व्याण्णव साखरेचे, बी-ट्वेल्व्हचे, दारूचेच असतील. पण ज्याचे पाय बधिर होत वर सरकतायत, ज्याच्या दोन्ही मनगटांवर व्रण आहेत, ज्याचं पोट विनाकारण बिघडतं, वजन उतरतं, बीपीची गोळी आपोआप सुटते, अशा माणसाच्या दोन-तीन गोष्टी एका कागदावर आल्या तर त्याच्या आईवडिलांबद्दल, भावंडांबद्दल विचारा. "घरात कुणाला शुगर-बीपी?" एवढ्यावर थांबू नका. लोक नावाने सांगणार नाहीत, कारण नाव कुणाला माहीतच नसतं. "कुणी भिंत धरून चालायचं का? कुणाचे पाय वाळले होते का? कुणी चालताबोलता झोपेत गेलं का?" असं विचारा. आणि "वात" या उत्तराने समाधान मानू नका. जीनची तपासणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते. बाबांच्या तीन एमआरआयच्या खर्चात ती बसली असती.

दुसरं मागणं थोडं अवघड आहे. ही गोष्ट घरं लपवतात. निदान झालं त्या आठवड्यात आमच्याकडे नातेवाइकांची बैठक बसली आणि ठरलं की बाहेर बोलायचं नाही, दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत. या पत्राखाली माझं नाव नाही ते त्याच ठरावामुळे. मला तो मान्य नाही, पण मुली माझ्या एकटीच्या नाहीत. अशा घरांत तुमच्या शब्दाला आमच्यापेक्षा जास्त वजन असतं. तपासणी कधी करावी, करावीच का, लहान मुलांची का करू नये, बदल सापडला म्हणजे आजार झाला असं का नसतं, हे कुणीतरी खुर्चीत बसवून शांतपणे सांगावं लागतं. आम्हाला ते समुपदेशन मिळायला निदानानंतर सहा महिने लागले, आणि तोपर्यंत सगळं ज्ञान व्हॉट्सअ‍ॅपवरून येत होतं.

मी तपासणी करून घेतली. बदल माझ्यात आहे. आज ४८ वर्षांची आहे, पाय ठणठणीत, रोज सकाळी मासुंदा तलावाला तीन फेऱ्या मारते. वर्षातून एकदा नसांची आणि हृदयाची तपासणी होते. आंघोळीला बसले की आधी पाय घालते पाण्यात, हात नंतर. सवय झाली आहे.

माझा भाऊ ऐरोलीला राहतो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याने तपासणी केलेली नाही, करणार नाही म्हणतो, आणि तो त्याचा हक्क आहे. गेल्या दिवाळीत त्याने उजव्या मनगटाचं ऑपरेशन करून घेतलं. लॅपटॉपमुळे, असं म्हणाला. परवा जेवायला आला तेव्हा वाढताना डावा हात झटकत होता. मी बघितलं, त्यानेही मी बघितलेलं बघितलं, आणि आम्ही मॅचबद्दल बोललो.

तो तुमच्यापैकीच कुणाकडे तरी जातो. कोण ते मला माहीत नाही. पाय दाखवायला येईल तेव्हा घरातलं तो आपणहून सांगणार नाही. तुम्ही विचारलंत तर कदाचित सांगेल.

आपली,
एका पेशंटची मुलगी
नौपाडा, ठाणे